रांजणातली मरळ

आमच्या घरामागं न्हाणीच्या भिंतीला लागून एक रांजण आहे, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला. आता त्यात काही नसतं. पावसाचं पाणी साचून डास होतात म्हणून माय त्याच्यावर एक फुटकी परात उपडी घालून ठेवते. ज्या उन्हाळ्याबद्दल मला लिहायचं आहे, त्या उन्हाळ्यात त्या रांजणात एक मरळ होती.

हे नीट सांगता येईल की नाही, मला खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. प्रॅक्टिकलच्या वहीत मासा कसा लिहायचा ते मला येतं. कल्ले, पर, खवले, आकृती, बाण. ही मरळ त्या वहीत कधी मावली नाही, म्हणून इथं लिहून बघते आहे.

आमचं गाव फुलंब्रीच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून आत. गावाच्या उशाशी तलाव. पोलीस ॲक्शननंतर बऱ्याच वर्षांनी सरकारनं तो बांधला. माझे आजोबा आधी त्याच्या बांधावर मातीच्या पाट्या टाकायला होते आणि पाणी भरल्यावर त्याच तलावात जाळं टाकायला लागले. आम्ही भोई. तलावाच्या अंगाला आमची एक गल्ली आहे, सातआठ घरांची. तलाव आमच्या सोसायटीकडं असतो. पावसाळा लागला की सोसायटी रोहू-कटल्याचं बी विकत आणते, बोटाएवढी पिल्लं, आणि पाण्यात सोडते. हे मासे साचल्या पाण्यात वाढतात, पण अंडी घालत नाहीत. त्यांना वाहती नदी लागते. म्हणजे दरवर्षी बी आणलं तर मासा, नाही आणलं तर नाही.

मरळीचं तसं नव्हतं. ती तलावाची स्वतःची होती. कोणी आणली नाही, कोणी सोडली नाही. आषाढात काठाच्या पाणगवतात कधीकधी पाणी लालसर दिसायचं, कुणी कुंकवाचा हात धुतल्यासारखं. जवळ गेलं की कळायचं, ती मरळीची पिल्लं आहेत. शेकड्यानं, एका ठिकाणी, वर येऊन श्वास घेणारी. खाली त्यांचे आई-बाप दोघंही राखणीला असतात आणि इतके रागात असतात की काठी घातली तरी काठीला चावतात. त्यामुळं ते पकडायला सगळ्यांत सोपे. पण लाल थव्यावर जाळं टाकायचं नाही, हा आमच्या गल्लीचा नेम होता. आई-बाप गेले की दुपारपर्यंत सगळा थवा बगळ्यांच्या पोटात जातो. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला लहानपणी खांद्यावर बसवून तो थवा दाखवला होता. अण्णा देवळात फारसे जात नाहीत. पण त्या थव्यापाशी आवाज खाली करायचे.

मग दोन वर्षं पाऊस झाला नाही.

तलाव आटत चालला तसे आधी रोहू-कटले निघाले, मग नुसत्या चिलापी, मग तळाच्या डबक्यातली चिंगळं. शेवटी गावच पाट्या घेऊन डबक्यात उतरलं. अण्णांना त्याचं फार वाटलं नाही, कारण तलाव पूर्वीही आटला होता. मरळ पाणी आटलं की गाळात शिरते. ओल्या गाळात तोंड वर करून पडून राहते, महिनोन्महिने, आणि पाणी आलं की बाहेर येते. बहात्तरच्या दुष्काळानंतरही तशीच आली होती, असं आजोबा सांगायचे.

या वेळी मात्र गाळच राहिला नाही. तलावातला गाळ काढून शेतात टाकायची योजना आली होती. योजना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. तलाव खोल झाला, मुरमाड रानं काळी झाली. सकाळपासून दोन जेसीबी आणि ट्रॅक्टरांची रांग. कोरड्या तलावात जत्रेसारखी धूळ. एका रविवारी मी अण्णांची भाकरी घेऊन तिकडं गेले, तर ते जेसीबीच्या बकेटपुढं वाकून, हातानं गाळ चाचपत चालले होते.

"काका, बाजूला व्हा, लागंल," ऑपरेटर वरून ओरडत होता.

"थांब की रे जरा."

"काय हरवलंय तुमचं?"

"माझं नाय, तलावाचं हाय," अण्णा म्हणाले. ऑपरेटर हसला, पण त्यानं मशीन थांबवलं. त्याच्या बकेटीच्या दातात अर्धी मरळ अडकली होती. बाकीची अर्धी कोण्या ट्रॉलीतून कोणाच्या शेतात गेली असेल. पुढं एकदा एसटीतून येताना मी खिडकीतून पाहिलं. रस्त्याकडेच्या रानात नवा काळा गाळ पसरला होता आणि त्यावर कावळे उतरले होते.

चार दिवस अण्णा त्या गाळात राबले. गोणपाट ओलं करून त्यात जित्या मरळी ठेवत गेले. मरळ ओल्या गोणपाटातही तग धरते, ती वरच्या हवेतच श्वास घेते. सातआठ मिळाल्या. तलावात आणखी असतीलही, पण पाचव्या दिवशी जेसीबी मुरमाला लागला.

आता त्यांना ठेवायचं कुठं? आमच्याकडं जुनी पद्धत आहे, आजोबांच्या तोंडून ऐकलेली. तलाव अगदीच गेला तर घराघरांत एकेक मरळ राखायची. रांजण गळ्यापर्यंत सावलीत पुरायचा म्हणजे पाणी गार राहतं. वर जड काही ठेवायचं, कारण मरळ उडी मारते. एका रांजणात दोन ठेवल्या तर एक दुसरीला फाडते, म्हणून घराला एक. पाणी आलं की सगळ्यांनी एकाच दिवशी आपापली सोडायची. शेतकरी बियाण्याची कणसं बाजूला टांगतो, तसं हे.

अण्णा गोणपाट खांद्यावर घेऊन गल्लीत घरोघर फिरले. शेजारच्या काकांच्या दारात मी सोबत होते.

"अण्णा, आम्हालाच प्यायला पाणी नाय," काका म्हणाले, "आन् ह्या पाहुणीचं काय करू?"

"एक तांब्या. रोज एक तांब्या घाल."

"आन् खायला?" काकूंनी आतून विचारलं.

"झुरळं घाला वहिनी. तुमच्या घरात कमी हायत व्हय?"

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. काका म्हणाले, "मला आजवर कोणी झुरळं वेचून घातली नाय." पण त्यांनी रांजण पुरला. सगळ्यांनीच पुरला. गल्लीत अण्णांचा शब्द खाली पडत नव्हता. शेवटची मरळ राहिली ती गल्लीच्या टोकाच्या आत्यासाठी. ती अण्णांची चुलतबहीण. विधवा, एकटी, आणि माळकरी. गळ्यात तुळशीची माळ पडल्यापासून तिनं मासा शिजवलाही नव्हता, भोयाची असून. अण्णा तिच्या दारात जरा थबकले.

"तुला चालंल का?"

"खायची थोडीच हाय," आत्या म्हणाली. "ठेव."

तेव्हापासून आमच्या घरात त्या मरळीला पाहुणीच म्हणू लागले. टँकर एक दिवसाआड यायचा आणि त्याच्या पाण्याला टीसीएल पावडरचा, म्हणजे क्लोरिनचा, वास असायचा. ते पाणी तसंच रांजणात घातलं तर मासा मरेल, हे मला अभ्यासातून माहीत होतं. म्हणून मी घमेल्यात थोडं पाणी दिवसभर उन्हात ठेवायची आणि संध्याकाळी रांजणात ओतायची. घरात बाकी कशाला माझा अभ्यास लागला नाही, एवढ्याला लागला. परात सरकवली की खाली काळं पाणी हलायचं. मग एक चपटं डोकं वर यायचं, पुट्ट असा आवाज करून हवा घ्यायचं आणि खाली जायचं. अण्णा कामावरून आले की आधी तो आवाज ऐकायचे, मग हातपाय धुवायचे.

काम म्हणजे तेव्हा शहरात मुकुंदवाडीच्या मजूर अड्ड्यावर उभं राहणं. कधी बांधकाम मिळायचं, कधी नाही. शेंद्र्याच्या एका कंपनीत वॉचमनची जागा कोणी सुचवली होती. अण्णांनी नाही म्हणून सांगितलं. "एकदा कंपनीत गेलो की मी काय परत पाण्यात उतरत नाय," ते मायला म्हणाले. त्यांचं सगळं त्या सातआठ रांजणांवर टांगलेलं होतं. तलावात आपली मरळ परत आली, तर बी विकत मिळो न मिळो, भोयाला तलावात उतरायला काहीतरी कारण राहील, असं त्यांचं म्हणणं. मला ते हिशेबानं पटायचं नाही, पण ऐकताना पटायचं.

मी कॉलेजात आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांना विचारलं. विचारायला मला फार वेळ लागला. स्टाफरूमच्या दारातून दोनदा परत फिरले. आपल्या विभागाची माशांची मोठी टाकी आहे, त्यात आमच्या मरळी पाऊस येईपर्यंत ठेवता येतील का, एवढंच विचारायचं होतं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला मागच्या व्हरांड्यात नेलं. टाकीत मोडकी स्टुलं रचून ठेवली होती.

"कल्पना चांगली आहे तुझी," सर म्हणाले. "पण शहरात नळाला पाणी कधी येतं, बघतेस ना. हॉस्टेलच्या मुली बादल्या घेऊन उभ्या असतात. मी टाकी कशानं भरू?"

ते खरंच होतं. मी "हो सर" म्हटलं आणि एसटी स्टँडवर आले.

चैत्र संपता संपता ताई आली. माझी मोठी बहीण, सोयगावकडं दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी. फुलंब्रीच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली, अगदी लहानशी, हाताच्या ओंजळीत मावेल एवढी. ताईच्या अंगावर दूध येईना. मायनं डिंक दिला, मेथी दिली, अळीव-खोबरं दिलं. दवाखान्यातल्या बाईंनी बाळाला पुन्हा पुन्हा छातीशी धरायला सांगितलं, वरच्या दुधाचंही सांगितलं. ते सगळं चालू होतं. पण बाळ रडायचं, आणि रडणं दिवसेंदिवस बारीक होत गेलं. आधी ते ओसरीपर्यंत ऐकू यायचं, मग फक्त खोलीत.

आमच्याकडं बाळंतिणीला जिती मरळ कापून तिचा रस्सा देतात. अंगात ताकद येते, दूध उतरतं, असं सगळ्या बायका मानतात. त्यामुळं कोणी बघायला आलं की बसायच्या आधीच म्हणायचं, "मरळ दिली का हिला?" आणि मग सगळ्यांच्या ध्यानात यायचं की मरळ कुठं आहे. बाया न्हाणीकडं बघायचं नाही असं ठरवल्यासारख्या भलतीकडं बघायच्या.

एक दिवस माय सरळच म्हणाली.

"अवं, एक मासा हाय तो."

"मासा नाय तो," अण्णा म्हणाले. "बी हाय."

"मग हे काय हाय?" मायनं बाळाच्या झोळीकडं हात केला.

अण्णा माझ्याकडं वळून म्हणाले, "उद्या शहरातून मासा घेऊन ये. चांगला बघून आण."

मी कॉलेज सुटल्यावर मासळी बाजारात गेले. तिथं मरळ नव्हती. बर्फातला एक रोहू आणला. मायनं त्याचा कल्ला उचलून पाहिला, पोट दाबून पाहिलं. "ह्याला मरून किती दिवस झाले असतील," ती म्हणाली. "बाळंतिणीला हा घालू व्हय मी?" तो रोहू आम्ही खाल्ला. ताईनं घास घेतला आणि तिला उलटी झाली. बर्फाच्या माशानं उलटी झाली की मायचं बोलणं ऐकून झाली, देव जाणे.

त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी कॉलेजातून येत होते. गल्लीच्या तोंडाशीच वास आला.

भोयाच्या गल्लीत कोणाच्या घरी कोणता मासा शिजतोय हे वासावरून लहान लेकरूही सांगतं. मरळीच्या रश्श्याचा वास जड असतो, मातीच्या जवळचा. काकू त्यांच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. एरवी मला हाक मारायच्या. त्या दिवशी त्यांनी मान वर केलीच नाही.

घरात माय ताईला घास भरवत होती. ताई रडत होती आणि खात होती. मायनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हात धू आन् लेकराला घे." मी भाचीला घेतलं. ती माझ्या बोटाला चोखत राहिली.

अण्णा दिवेलागणीला आले. न्हाणीकडं गेले. परात भिंतीला टेकवून ठेवलेली होती. त्यांनी रांजणात वाकून पाहिलं, खूप वेळ, जणू आवाज येईल. मग परात उचलून रिकाम्या रांजणावर पुन्हा नीट झाकली. हातपाय धुतले. मायनं ताट वाढलं, त्यात भाकरी आणि ठेचा. रस्सा वाढायची हिंमत तिनं केली नाही. जेवता जेवता अण्णा म्हणाले, "दार लावून घ्यायचं व्हतं."

"दार लावून वास राहतो व्हय?" माय म्हणाली.

एवढंच भांडण झालं. मला वाटलं होतं, अण्णा ताट भिरकावतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, असं नंतर वाटत राहिलं.

दोनतीन दिवसांनी ताईला दूध आलं. मरळीनं आलं की तशीही यायची वेळ झाली होती म्हणून, मला सांगता येणार नाही. सरांना विचारलं असतं तर त्यांनी बहुधा मरळीनं नाही असं सांगितलं असतं. मी विचारलं नाही. भाचीचं रडणं पुन्हा ओसरीपर्यंत ऐकू यायला लागलं.

त्याच आठवड्यात काकांच्या घरातून तो वास आला.

दुसऱ्या दिवशी काका पारावर भेटले, तेव्हा हसतच म्हणाले, "अण्णा, तुमच्याच घरी पाहुणी शिजली, मग आम्ही कोणासाठी झुरळं वेचायची? आमचा म्हातारा बापही महिनाभर अंथरुणातच हाय की." पारावरचे सगळे हसले. अण्णाही हसले. त्यांच्या चुलतभावानं विचारलं, "चव कशी व्हती?" अण्णांनी सांगितलं, "बायकोला विचारा, मी खाल्ली नाय." त्यावर आणखी हसणं. घरी येईपर्यंत अण्णांच्या तोंडावर ते हसणं तसंच राहिलं होतं, पुसायचं राहून गेल्यासारखं.

मग एकेक करून वास येत गेले. प्रत्येकाकडं कारण होतं आणि एकही कारण खोटं नव्हतं. कोणाचा जावई आला. कोणाच्या पोराला टायफॉइड झाला होता. एका घरी रांजणच तडकला, पाणी मुरून गेलं, मासा तळाशी तडफडू लागला, मग काय करणार. एका घरी टँकरचं पाणी सरळ ओतलं आणि मरळ पोट वर करून तरंगली, तीही शिजवली. अण्णा कोणाच्या दारात विचारायला गेले नाहीत. कोणत्या तोंडानं जाणार होते? लाल थव्यावर जाळं टाकायचं नाही हा नेम इतकी वर्षं टिकला होता, कारण तो मोडायला पहिलं कोणीतरी लागतं. या वेळी ते पहिलं घर आमचं होतं.

शेवटी आत्याचीच मरळ राहिली. आत्या ती खाणार नव्हती म्हणून राहिली. दुसरं कारण नाही. ती तिच्याशी बोलायची, असं काकू सांगायच्या. पाणी घालताना "घे बाई" म्हणायची. मला एकदा म्हणाली, "हिचा आवाज आला की वाटतं घरात कोणी हाय."

पाणी आलं ते थेट परतीच्या पावसात. चारपाच दिवस कोसळला आणि तलाव निम्म्याच्या वर गेला. गाळ काढलेला, त्यामुळं पाणी गढूळ नव्हतं, नव्या घरासारखं उघडंबोडकं दिसत होतं. सोसायटीनं बी आणलं. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत हजारो बोटुकली. चेअरमन, म्हणजे आमचे लांबचे मामाच, त्यांनी नारळ फोडला. पाहुण्यांनी पिशव्या पाण्यात सोडताना फोटो काढून घेतले.

ते सगळं झाल्यावर, माणसं पांगत असताना, आत्या घागर कडेवर घेऊन बांधावरून आली. बरोबर अण्णा. मामांनी बघितलं आणि त्यांच्या ध्यानात आलं.

"अण्णा, हे काय करताय?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, वैताग होता. "आता तर बी सोडलं. मरळ आमची बोटुकली खाईल ना राव."

"एक मरळ किती खाईल?"

"तेच म्हणतो मी. एकच हाय. एकटीचं कधी बी व्हतं का? मग सोडून उपयोग काय? उगं खाणारं तोंड." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "ही शिकलीय ना? इला विचारा. सांग गं बाई. एका मरळीची पिल्लं व्हतील का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. अण्णाही. त्यांच्या बघण्यात काहीतरी होतं, ज्याला मी घाबरले. त्यांना वाटत असावं, पुस्तकात काहीतरी असेल. आपल्याला ठाऊक नसलेलं काही. खालून झऱ्यानं दुसरी येईल, गाळात कुठं तरी राहिली असेल, असलं काही मी म्हणावं. मी तसं म्हणू शकले असते. "आणखी असूही शकतात" एवढं तर खोटंही नव्हतं. पण सगळा तलाव मुरमापर्यंत खरवडलेला मी पाहिला होता.

"एकटीची नाही होत," मी म्हटलं. "नर-मादी दोन्ही लागतात."

"बघा," मामा म्हणाले.

अण्णा पाण्याकडं तोंड करून उभे राहिले. आत्यानं घागर खाली ठेवली, पदर खोचला आणि मामांना म्हणाली, "म्या काय पिल्लांसाठी पाणी घातलं नाय हिला. पाण्यातली व्हती, पाण्यात सोडते. खाऊ दे चार बोटुकली. माझ्या नावावर लिव्हा." आणि तिनं घागर कलती केली. मरळ काठाच्या उथळ पाण्यात पडली, क्षणभर तशीच राहिली, तिला एवढ्या पाण्याची सवय राहिली नव्हती. मग शेपटीचा एक फटका आणि गेली.

अण्णांनी त्या दिवाळीनंतर शेंद्र्याच्या कंपनीतली वॉचमनची जागा धरली. निळा शर्ट, शिट्टी, बारा तासांची पाळी. सुटीच्या दिवशी मात्र ते बांधावर जाऊन बसायचे. जाळं न घेता. मी कधी चहा घेऊन जायचे. मरळीला हवेसाठी वर यावंच लागतं, त्यामुळं वाट बघितली तर दिसते. पाण्यावर एकाच ठिकाणी एक खळगा पडायचा, पुट्ट असा आवाज, आणि वलयं. "आली," अण्णा म्हणायचे. परत बराच वेळ काही नाही. एवढ्या मोठ्या तलावात तेवढी एकच वर येणारी. मी शेजारी बसून राहायचे. त्या दिवशी बांधावर दिलेल्या उत्तराबद्दल अण्णा मला कधी काही बोलले नाहीत, आणि मलाही त्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं. ते उत्तर खरं होतं.

पुढच्या आषाढात एके सकाळी काका आमच्या ओट्यावर आले. हातात ओलं गोणपाट. त्यांनी ते ओट्यावर ठेवलं आणि उघडलं नाही.

"अण्णा, म्या मुद्दाम नाय. कटल्यासाठी जाळं लावलं व्हतं. सकाळी काढलं तर ही."

मरळीचा गळा जाळ्यात अडकला होता. तिला वर येता आलं नाही, म्हणून ती मेली. वर्गात मी हे शिकले होते की मरळीला पाण्यात कोंडलं तर ती गुदमरते. तरी मासा पाण्यात बुडून मेला हे डोळ्यांनी बघून पटायला वेळ लागला.

"ठाऊक हाय," अण्णा म्हणाले. "बस, चहा घे."

"नाय, जातो." पण काका गेले नाहीत. मायनं आतून विळी आणली. मेलेला मासा तसाच ठेवून चालत नाही, आणि टाकून द्यायची आमच्याकडं रीत नाही. तिनं पोट चिरलं आणि हात थांबवला. आत दोन्ही बाजूंना अंडी होती. पिवळी, ज्वारीच्या दाण्याहून बारीक, गच्च भरलेली.

"मादी व्हती," अण्णा म्हणाले.

काका उठले आणि चपला हातात घेऊन निघून गेले.

अण्णा मायच्या समोर उकिडवे बसले. ती विळी धूत होती. त्यांनी अंड्यांकडं बघतच विचारलं, अगदी सहज, बाजारातलं काही विचारल्यासारखं, "आपली काय व्हती? नर का मादी?"

मायचं विळी धुणं थांबलं नाही.

"म्या पाहिलं नाय," ती म्हणाली.

माझी माय वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून मासे चिरते. मासा चिरताना त्याच्या पोटात काय आहे ते न दिसणं शक्य नाही, हे मला माहीत होतं. अण्णांनाही माहीत होतं. आत झोळीत कोणी नव्हतं, ताई केव्हाच सासरी गेली होती. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता, भाची धरून धरून चालायला लागली म्हणून.

अण्णा उठले, कंपनीचा शर्ट दोरीवरून काढला आणि पाळीला गेले.